बंदीतली धपधप

लोको हा खडकाला चिकटून राहणारा समुद्री जीव चवीला झकास, पण कुटल्याशिवाय तो चावता येत नाही. टायरच्या ट्यूबमध्ये भरून दगडावर आपटायचा, मगच शिजवायचा. त्यामुळे बंदीच्या दिवसांत चोरून खाणाऱ्यांची मोठी पंचाईत होते. वास लपवता येतो, धपधप लपवता येत नाही.

सरकारने उपसागर मच्छीमारांच्या संघटनेला नेमून दिला होता: तुम्हीच राखा, हंगामात तुम्हीच काढा. करार संपत आला होता, म्हणून मत्स्यखात्याचे उरेहोलासाहेब तपासणीला आले होते. संघटनेचा अध्यक्ष रोसामेल पाय्याकार त्यांना पहाऱ्याची वही दाखवत होता. पानोपानी एकच शेरा होता: ‘सर्व शांत.’

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. धप्. धप्. धप्.

“कुणीतरी गालिचा झटकतंय, साहेब.”

“बराच चिवट दिसतोय गालिचा,” म्हणत साहेब उठले. ते स्वतः पाणबुड्याचे पोर, त्यांना कोण शेंडी लावणार?

आवाज रोसामेलच्या आईच्याच अंगणातून येत होता. संघटनेच्या घरात चोरीचा एक लोको सापडला तरी करार रद्द, आणि चाळीस घरांच्या चुली थंड.

एक्याऐंशी वर्षांच्या डोन्या एर्मिंदा बाह्या सरसावून ट्यूब आपटत होत्या.

“आई, बंदी आहे!”

“मला शिकवू नकोस. कागद आहे माझ्याकडे.” त्यांनी एप्रनच्या खिशातून पावती काढली. “चोरांकडून पकडलेला माल खात्याने वृद्धाश्रमाला दान दिलाय. तिथे कुणाला दात नाहीत, कुटायला कुणाच्या हातात दम नाही. बोळक्या तोंडांना लोको वाटतात, काय पण डोकं सरकारचं! म्हणून मी कुटून देतेय.”

साहेब खो-खो हसले. रोसामेलचा जीव भांड्यात पडला. मग साहेबांनी पावती नीट वाचली.

“जप्ती मंगळवारी, दुपारी चार वाजता. माल कुठला? याच उपसागरातला.” त्यांनी काखेतली पहाऱ्याची वही उघडली. “मंगळवार, सर्व शांत. पहारेकरी, रोसामेल पाय्याकार.”

“मंगळवारी मॅच नव्हती का!” आई म्हणाली. “इथेच बसला होता. दोन ताटं हाणली आणि पंचाच्या सात पिढ्या उद्धरल्या.”

“आई, गप्प बस ना!”

“गप्प काय? हरलात ते हरलातच.”

साहेबांनी पेन पुढे केलं. “खरं लिहा, करार वाढवतो. खोटं ठेवलंत तर आजच कुलूप.”

खरं लिहिलं तर काय, हे रोसामेलला पाठ होतं. पहारा चुकवणाऱ्याने वर्षभर समुद्रात उतरायचं नाही. मेव्हण्याला धडा शिकवायला टेबल बडवून हा नियम त्यानेच करून घेतला होता. मेव्हणा आत्ता कुंपणावरून मान लांब करून बघत होता. रोसामेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ‘सर्व शांत’ खोडून लिहिलं, ‘पहारेकरी मॅच बघत होता,’ आणि खाली सही केली.

आईने ट्यूब त्याच्या हातात दिली.

“आता वर्षभर रिकामाच आहेस. धर. अजून बारा राहिलेत.”