जाळ्यातलं भोक

धरणाच्या काठावर चित्रांचं दालन उभं राहत होतं आणि आतला सगळा थाट समुद्राचा होता. पुसदहून समुद्र गाठायचा म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. पण दालनाची सजावट करायला सुरभी मॅडम पुण्याहून आल्या त्या समुद्र सोबत घेऊनच आल्या. फरशी निळी, भिंती शिंपल्याच्या रंगाच्या, छताला लाटा. लाटांसाठी जुनी जाळी पाहिजे होती. तानाबाईच्या कपिलनं घरामागचं जाळं नेऊन दिलं.

"पडूनच तं होतं," तो आईला म्हणाला. तेही तिसऱ्या दिवशी.

तानाबाई भाकरी तव्यावर टाकून तशीच निघाली.

जाळं पडून नव्हतं. दोन वर्षांमागं कपिलचे बाबा त्यात गुंतून बुडाले होते. वस्तीतल्या पोरांनी विळ्यानं जाळं कापलं तेव्हा कुठं ते बाहेर आले. माणूस गेलेलं जाळं त्यांच्या वस्तीत पुन्हा पाण्यात घालत नाहीत, जाळून टाकतात. तानाबाईनं दोनदा काडी ओढली. दोन्हीदा हात पुढं झाला नाही. काडी वाया कशाला, म्हणून तिनं चूल पेटवली.

दालनात नौशाद मिस्त्री शिडीवर होता, प्लास्टरनं भुवयांपर्यंत पांढरा.

"नौशादभाऊ, जाळं काढ. घरी न्याचं हाये."

"कसं काढू काकू? चारी बाजू पीओपीत गेल्या. आता ते जाळं नाही राह्यलं, लाट झाली."

तिनं वर पाहिलं. मधलं भोक तेवढं उघडं होतं, माणसाच्या खांद्यांएवढं. त्यात दिवा लोंबत होता.

"थो दिवा कायले?"

"मॅडमले लय आवडलं भोक. म्हणे, जाळं फाडून मासा सुटला. उद्घाटनाले लोक तेच पाहतीन."

"सुटला म्हणे," तानाबाई म्हणाली. "कपिलचे बाबा काढले थ्याच्यातून."

नौशाद खाली उतरला. त्यानं हात पुसले.

"उतरला तं उतरला," ती म्हणाली, "आता शिडी धर."

जाळं विणायची लाकडी सुई तिच्या पिशवीत कायमच असायची. दुपारपर्यंत ती गाठी मारत होती. सगळं जाळं तिच्याच हातचं, त्यामुळे बोटांना काही सांगावं लागलं नाही. भोक मिटलं. नौशादनं दिवा काढून ठेवला आणि वरून पीओपी फिरवलं.

"मॅडम बोंबलतीन."

"बोंबलू दे. मी सांगीन, माह्या हातून झालं."

मॅडम बोंबलल्या नाहीत. छताकडे बघत खुर्चीवर बसल्या.

"अहो नौशादभाई, त्या एका भोकावर तर सगळं होतं माझं."

तानाबाई कोपऱ्यात उभी होती. सुई तिनं पिशवीत खोल सारली. मॅडम स्वतःच शिडीवर चढल्या. नौशादचं जेवणाचं ताट छताला लावून पेन्सिलनं गोल काढला आणि कटर चालवला. निळ्या फरशीवर पांढरा चुरा पडला, त्यात नायलॉनच्या दोरीचा एक गुंता.

दिवा पुन्हा लागला. तानाबाईनं वर बघून नजरेनं माप घेतलं. भोक गोल, गुळगुळीत, ताटाएवढं.

"याच्यातून ते निघाले नसते," ती नौशादला हळूच म्हणाली.

गुंता तिनं पदरात बांधला.

घरी तव्यावर सकाळच्या भाकरीचा कोळसा झाला होता, चूल थंड. तिनं गुंता चुलीत ठेवून काडी ओढली. या वेळी हात पुढं झाला. नायलॉन आक्रसलं आणि काळा थेंब होऊन राखेत बसलं.