अश्विनीला धरणारा खोका

मी एक जुना संत्र्याचा खोका आहे, मित्रांनो. माझी भावंडं संत्री घेऊन दिल्लीच्या बाजारात गेली. मी आमच्या रामाकोना गावातच राहिलो. बागेत संत्री भरणाऱ्या दादारावांनी मला घरी आणलं, ते त्यांच्या लेकीसाठी, अश्विनीसाठी.

अश्विनी तेव्हा सात वर्षांची होती. तिची मान धरत नव्हती, पाठ टिकत नव्हती, डोळ्यांना दिसत नव्हतं. आडवं ठेवून भरवलं की घास अडकायचा, जीव घाबरा व्हायचा. दादारावांनी माझी एक बाजू कापली, संत्र्यांखाली घालतात तसं वाळल्या गवताचं तणस दाबून भरलं. तिच्या आईनं, पुष्पाताईंनी, वर गोधडी शिवली. आणि काय सांगू, पोरगी माझ्यात बसून जेवली! मला तर भरून आलं.

दोन वर्षांत ती वाढली आणि माझ्या फळ्या कुरकुरू लागल्या. तिला मान धरणारी खुर्ची हवी होती. अपंगांना साधनं वाटणाऱ्या सरकारी शिबिरात तीनचाकी मिळायची, पण ती चालवायला हात हवेत. पांढरी काठी मिळायची, पण ती घेऊन चालायला पाय हवेत.

यंदा सौंसरच्या शिबिरात मीही गेलो. चार लोकांत आपली शोभा नको, म्हणून तिला जीव तोडून ताठ धरलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि लिहिलं, 'बसता येते.' म्हणजे खुर्ची नाही. झाली ना पंचाईत! माझ्याच शहाणपणानं तिचं नुकसान झालं.

पुष्पाताई भांडल्या नाहीत. "साहेब, ते नाही बसून राहिली, हा खोका तिले बसवून राहिला. मी खोका काढते. तुमी तिच्या मानेमागं हात ठेवा. मी पाच घास चारते."

डॉक्टरांनी हात ठेवला. अश्विनी सावकाश गिळत होती. तिसऱ्या घासाला त्यांचा हात अवघडला, त्यांनी दुसरा लावला.

"खोका नव्हता तेव्हा कसं करायचात?" त्यांनी विचारलं.

"माझा हात होता ना, साहेब. सात वर्षं."

मित्रांनो, मी लाकडाचा, पण पुष्पाताईंचा तो हात पाहून थक्क झालो. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहिलं, 'आधाराशिवाय बसता येत नाही.'

खुर्ची अजून आलेली नाही. मी धरून आहे. तुम्हाला एवढंच सांगणं, कुणाला काय जमतं ते कागदावर लिहिण्याआधी त्याला कोण धरून आहे, ते नीट बघा.