लोंझेलचा तक्ता

सेहेचाळीस वर्षांचा घोडा झाला, तरी लोंझेलचं ध्येय काही एका जागी बसेना. अर्झेलाच्या डोक्याला या पोरानं नुसता ताप आणला होता. दर क्वान्झाला, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वर्षअखेरीच्या सात दिवसांच्या सणाला, पाचव्या दिवशी, नियाच्या म्हणजे ध्येयाच्या दिवशी, मेणबत्ती लागली की हा उठायचा आणि नवंच काहीतरी जाहीर करायचा. एका साली मधमाश्या पाळणार होता. माश्या आल्या, शेजाऱ्यांना चावल्या, गेल्या. पुढल्या साली ढोल शिकवणार होता. तो ढोल जिन्याखाली पडून होता, आणि अर्झेला त्यात कांदे ठेवत होती.

या खेपेला मात्र तिला थट्टा सुचत नव्हती. एकतीस वर्षं, दर रविवारी, चर्चच्या तळघरात ती गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रांधून घालत आली होती. आता उजवा खांदा गेला. पातेलं उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नव्या वर्षात ती चूल कुणी घेतली नाही, तर तळघराला कुलूप. हे तिनं घरात सगळ्यांच्या कानावर घातलं होतं. पण स्वतःच्या तोंडानं कुणाला ‘तू कर’ म्हणायला ती तयार नव्हती. ज्याचं त्याला कळायला नको?

नात शनीसनं पाचवी मेणबत्ती लावली.

“हबारी गनी?” अर्झेलानं रिवाजाप्रमाणे काय खबर म्हणून विचारलं.

“निया!” शनीस म्हणाली. “आजी, मी यंदा नर्सिंगची परीक्षा पास होणार. झालं माझं.”

“शाब्बास. बघा, जेवण गरम आहे तोवर संपलं.”

लोंझेलनं घसा खाकरला आणि टेबलाएवढा कागद उलगडला. नुसते गोल आणि बाण. “निया! आई, हा ध्येयाचा तक्ता. गल्लीतल्या प्रत्येकाला मी त्याचं ध्येय शोधून देणार.”

“आणि तुझं?”

“हेच की! लोकांचं शोधणं हेच माझं.”

“म्हणजे स्वतःचं सापडेना, म्हणून आता शेजाऱ्यांचे खिसे चाचपणार.”

शनीसनं तोंडावर रुमाल धरला. लोंझेल एका बाणावरून दुसऱ्या बाणावर सरकत राहिला. चवळी गार झाली. पालेभाजीवरची चरबी थिजली.

तिसऱ्या गोलावर दार वाजलं. पलीकडच्या घरातले म्हातारे हर्शेल टोपी हातात घेऊन उभे. “सिस्टर अर्झेला, माझ्या अर्नेटाला आज उठवत नाहीये. एक ताट मिळालं तर...”

अर्झेला खुर्चीतून उठेपर्यंत लोंझेल स्वयंपाकघरात पोचलासुद्धा. “काका, थांबा. काकूंना मीठ बंद आहे ना, बिनमिठाची चवळी मी सकाळीच बाजूला काढलीय.” मक्याच्या पावाची कडक कड त्यानं कापून टाकली. “खालची कवळी अजून टोचते? मग रश्शात भिजवून द्या. आणि तुमच्या शेजारच्या मिस पर्लीनचा डबा... नको, तुम्ही बर्फात घसराल. मीच देऊन येतो. त्यांना झाकण घट्ट लागतं, नाहीतर मांजर आधी जेवतं.”

अर्झेला दारात येऊन उभी होती. ज्यांना तळघरापर्यंत येववत नसे, त्यांचे रविवारचे डबे ती गाडी आहे म्हणून याच्याकडे द्यायची. हा ते उंबऱ्यावर ठेवून पळतो, अशी तिची इतकी वर्षं पक्की समजूत होती.

“कवळी टोचते हे तुला कुणी सांगितलं?”

“दर रविवारी जातो की, आई. बसतो जरा. बोलतात ती माणसं.”

डबा देऊन तो परत आला. बुटांचा बर्फ झटकला, खुर्ची ओढली आणि पुन्हा कागद सरळ केला. “हं. तर तिसरा गोल...”

अर्झेलानं डाव्या हातानं कागद खेचून घेतला.

“गप बस, लोंझेल! तुझ्याइतकं आंधळं माणूस या गल्लीत नाही, आणि तुझ्या खालोखाल मी. रविवारी सकाळी सहाला तळघरात यायचं. पातेली तू उचलायचीस, मीठ मी बघेन. आणि तिथं एक जरी बाण काढलास ना, तर झाऱ्यानं बडवीन!”