निवळलेलं पाणी

२००४ सालची गोष्ट. अंबडच्या मागच्या वस्तीत जैतुनबीची विहीर होती, आणि तिचं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं होतं. शेजारच्या क्रोम प्लेटिंगच्या कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं होतं. पुढे कारखान्याला टाळं लागलं, मालक निघून गेला, क्रोमियम मात्र विहिरीत राहिलं. गुरंही त्या पाण्याला तोंड लावत नसत.

मीना कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तिने आणि तिच्या विभागप्रमुख सरांनी विहिरीभोवती सहा बोअर मारले आणि त्यांत साखर कारखान्यातली मळी पातळ करून सोडायला सुरुवात केली.

"जमिनीत जिवाणू असतातच, चाची," तिने जैतुनबीला समजावलं. "मळी खाऊन ते वाढतात आणि या विषाचं रूप पालटतात. मग ते पाण्यात विरघळत नाही, मातीला धरून बसतं."

"म्हणजे जात नाही, नुसतं बसतं?"

"बसलं की त्रास देत नाही."

दिवाळीपर्यंत पिवळेपणा ओसरला, पाण्याखालच्या पायऱ्या दिसू लागल्या. वर्तमानपत्रात सरांचा विहिरीशेजारी फोटो आला. पण मीनाच्या वहीतले आकडे अडून बसले होते. डोळ्यांना रंग दिसत नसला तरी क्रोमियम पिण्याच्या मर्यादेच्या बारापट होतं, आणि पाच आठवडे तसूभर हललं नव्हतं. सर म्हणाले, "उतरेल. आत्ताच बोभाटा नको."

मीनाने वही मिटून पिशवीत टाकली.

पुढच्या खेपेला ती नमुना घ्यायला गेली, तेव्हा जैतुनबीच्या सुनेने, अरिबाने, तिच्यापुढे पेला धरला. अरिबाला सातवा महिना होता.

"घ्या मॅडम, आपल्याच विहिरीचं."

मीनाने पेला घेऊन खाली ठेवला. "कधीपासून पिताय?"

"फोटो आला तेव्हापासून. सगळी वस्तीच नेते आता. टँकरची वाट बघणं संपलं."

मीनाने दोन बाटल्या काढल्या. एकीत टँकरचं पाणी घेतलं, दुसरीत विहिरीचं, आणि दोन्हींत क्रोमियम असलं की रंग बदलणारं तपासणीचं औषध टाकलं. टँकरचं पाणी तसंच राहिलं. विहिरीचं बघता बघता जांभळं झालं.

जैतुनबीने ती बाटली उजेडात धरली. "पिवळं होतं तेव्हा कळत तरी होतं, बेटी," ती म्हणाली. "तुम्ही तेवढंच काढून घेतलं."

बाटल्या घेऊन मीना विहिरीवर गेली आणि बायकांना एकेकीला दाखवत राहिली. दोघीतिघींनी हंडे ओतून दिले. सखुबाईने मात्र आपला हंडा उचलून डोक्यावर घेतला.

"पाणी आरशासारखं हाय, बाई. रंग तर तुमीच टाकला."

संध्याकाळी जैतुनबीच्या मुलाने, जमीलने, विहिरीवर पत्रे टाकून वर दगड ठेवले. अरिबा उंबऱ्यात उभी होती. "बाळाला काही होईल का?" तिने हळूच विचारलं. उद्या दवाखान्यात जाऊ, मीना म्हणाली.

सकाळी ती आली तेव्हा दगड बाजूला सरकवलेले होते. एक पत्रा उघडा होता आणि ओली पावलं तीन दिशांना वस्तीत गेली होती. मीना त्यांतल्या एका वाटेने निघाली. पहिल्याच दारात सखुबाई चुलीपाशी बसली होती. चुलीवरच्या पातेल्यातून वाफ निघत होती आणि पाणी आटून अर्ध्यावर आलं होतं, त्यातलं क्रोमियम मात्र तेवढंच होतं.

"नका घाबरू, बाई," सखुबाई म्हणाली. "तुमी सांगितल्यापासून चांगलं उकळून घेते."