साखराबाईची सून

पहिल्या साली साखराबाईनं पिठल्यात दोनदा मीठ टाकलं, घरानं हसून घेतलं. दुसऱ्या साली सिरसाळ्याच्या बाजारातून घरी निघाली ती तेलगावच्या रस्त्याला सापडली. परळीचा डॉक्टर म्हणाला, हे विसरणं आता वाढतच जाणार. यंदा तिला लुगडं नेसता येईना, की परसाकडं कुठं बसावं ते कळेना.

म्हणून दसऱ्यानंतर तिचा लेक रामेश्वर एकटाच ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर चढला; नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरतात, तो अर्धा कोयता होऊन. त्याची बायको मंगल सासूपाशी राहिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिचा ऊसतोडीला खाडा पडला. अन् पाळीच्या दिवसांचा खाडा पडू नये म्हणूनच तर सव्विसाव्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढायला लावली होती. रामेश्वरनं अडवलं नाही. साखराबाईच हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. "दोन लेकरं झाली, आता काय करायची ती पिशवी ठेवून?" तेव्हापासून मंगलची कंबर धरली ती धरलीच. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या. तिशीत केस पिकले.

तिला सासूकडून एकच बोल हवा होता, चुकलं माझं. म्हातारीचं ध्यान ओंजळीतल्या पाण्यागत गळत होतं. शेवटचा थेंब जायच्या आत तो बोल यावा, एवढ्या आशेवर ती न्हाऊ घालायची, भरवायची, घाण काढायची. रोज विचारायची, "आत्याबाई, मी कोण?"

एका दुपारी दारातल्या उन्हात मंगल सासूची वेणी घालत होती. साखराबाईनं वळून तिचा पदर चाचपला.

"कुणाची गं तू पोरी? सासू हाय का?"

"हाय."

"मग ऐक. पिशवी काढ म्हनली तर काढू नको. लई हाल व्हतेत. माजी सून व्हती, सोन्यावानी. पिशवी काढली अन् उभी वाळली."

मंगलची फणी थांबली. "कावून काढली? कोण म्हनलं तिला?"

"तिची सासू."

"कोण सासू?"

म्हातारीनं बराच वेळ आठवून बघितलं. "व्हती एक. लई वंगाळ बाई. भेटली तर तोंडावर थुंकीन."

"अन् सून कुटं हाय आता?"

"मेली बिचारी."

साखराबाईच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. मंगलनं ते पुसलं नाही. उरलेली वेणी घातली, जरा आवळूनच.

"दुखतंय गं पोरी."

"दुखू द्या," मंगल म्हणाली.