मंगळवारचं पान

मी हळूच बोलतेय, कारण टेबलापलीकडे चारुलता मॅडम बसल्यात आणि आता मी त्यांच्या हातात जाणार आहे. मी एक वही. दोनशे पानी, काळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. वहीला कसली आलीय भीती, म्हणून हसू नका. जिची पानं कुणीही फाडू शकतं, तिला विचारा.

महाडच्या एका दुकानात मी वर्षभर धूळ खात पडले होते. पीएच.डी.ला नुकताच प्रवेश घेतलेल्या मानसीनं मला उचललं. तिच्या मार्गदर्शक चारुलता मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या पानांवर क्रमांक घालायला लावले.

"पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख. आणि छापायला पाठवण्याआधी, ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्यांना वाचून दाखव."

मानसीनं मान डोलावली. नव्या विद्यार्थ्यांची मान फार लवकर डोलते.

तिचा विषय होता, लावणीच्या दिवसांत बायका शेतात किती तास राबतात. पोलादपूरच्या डोंगरातली एक वाडी, सात बायका, सात दिवस. ती रोज महाडहून एसटीनं जायची. मी प्लास्टिकच्या पिशवीत, तरी कडा फुगल्याच.

मंगळवारी दरडीचा इशारा आला. तिची आई उज्वला दारातच उभी राहिली. "आज नाही जायचं. दरड काय तुझी पीएच.डी. बघून थांबणार आहे?"

मानसीही मनातून टरकली होती. ती गेली नाही. पण सातातला एक दिवस कोरा कसा ठेवायचा? संध्याकाळी तिनं मला उघडलं आणि सात नावांपुढे आठ, साडेआठ, आठ असे तास भरून टाकले.

पुढे घाईघाईत शोधनिबंध गेला. वाचून दाखवायचं राहिलंच. एका नियतकालिकानं तो स्वीकारला. 'सात दिवसांत एकही दिवस विसावा नाही,' हा त्याचा निष्कर्ष.

मग मानसी पेढे घेऊन वाडीत गेली आणि त्या सात जणींतल्या सोनाबाईंच्या ओटीवर मला उघडून कौतुकानं वाचू लागली. मंगळवार आला तशा सोनाबाई हसत सुटल्या.

"मंगलवारी कोन जातो गो शेतात? त्या दिशी आमी चिखलात पाय घालत नाय. गावाचा नेम हाय."

मानसीचं बोट त्या ओळीवरच थांबलं. सोनाबाईंचं हसू हळूहळू मावळलं.

"मी डोकीवरनं न्हाते, हितं ओटीवर बसते. एक दिस हाय गो आमचा. त्यो पन कामाला लावलास?"

परतीच्या एसटीत तिनं मला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की तिचे ठोके माझ्या पुठ्ठ्याला लागत होते.

घरी येऊन तिनं ते पान दोन बोटांत धरलं. मी गारठले. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडीचं पानही सुटतं, आणि त्या जोडीच्या पानावर सोनाबाईंचा पहिला दिवस होता, खरा. मानसीनं मागची पानं उलटून तो वाचला. मग बोटं सोडली. मंगळवारवर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'हे तास मी घरी बसून भरले. मी गेले नव्हते.' सही. तारीख.

आत्ता मॅडम तेच पान वाचतायत. किती वेळ लावतात हो! मानसीच्या मोबाईलवर संपादकांना लिहिलेलं पत्र तयार आहे, निबंध मागे घेत असल्याचं. अजून पाठवलेलं नाही.

"माझं नाव खराब होईल का, मॅडम?"

"होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

मानसीचा अंगठा दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून पत्र पाठवलं.

पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. भीती अजून आहे, तिलाही, मलाही. एवढंच मागते, कुणी मला चाळलंत तर मंगळवारचं पान चुकवू नका. रेघेखालचं सगळं वाचता येतं. त्याच्याखाली आता नवी ओळ आहे, 'सोनाबाईंनी सांगितलेलं: मंगळवारी त्या डोक्यावरून न्हातात आणि ओटीवर बसतात. शेतातले तास, शून्य.'