मागच्या शेडमधला चरक

मित्रांनो, उन्हाळ्यात तुम्ही रसवंतीवर थांबता, तेव्हा ज्या यंत्रात ऊस घालतात त्याला चरक म्हणतात. मीही एक चरक आहे. पण आता माझ्यातून रस निघत नाही. संगमनेरच्या एका रसवंतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा असतो. सोबतीला रिकामी पिंपं आणि एक मोडकी खुर्ची.

माझा जन्म नगरच्या एका ओतशाळेत झाला. तापून लाल झालेलं लोखंड साच्यात ओतलं, आणि मी थंड झाल्यावर मला तीन जाड रूळ आणि माणसाच्या छातीएवढं चाक बसवलं. रखमाजीच्या वडिलांनी ही रसवंती काढली आणि मला विकत आणलं, तेव्हा रखमाजीला नुकती मिसरूड फुटली होती. दिवसभर माझं चाक तोच ओढायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, "या चरकाच्या चिपाडात थेंब राहत न्हाई बघा!" ते ऐकून मी अभिमानानं आणखी जोरात फिरायचो.

रसवंतीमागच्या मोकळ्या रानात हिवाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरत. त्यातली एक टोळी जामखेडकडची होती. तिच्यात भागिरथी होती. ती आमच्या नळावर पाणी भरायला यायची. एकदा रखमाजी दमून थांबलेला पाहून तिनं घागर खाली ठेवली आणि माझं चाक एका हातानं गरागरा फिरवलं. रखमाजी बघतच राहिला. मग रोज पाणी भरायला तिला जास्त वेळ लागू लागला. दोघं माझ्याशेजारी उभे राहून बोलायचे. ती कमी बोलायची, तो जास्त हसायचा.

साखर कारखान्याचा हंगाम संपला, टोळ्या परत निघाल्या. रखमाजीनं धीर करून वडिलांना भागिरथीशी लग्नाचं विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या सालाला बघू." पण पुढच्या साली ती टोळी आलीच नाही.

वर्षं गेली. रखमाजीचं मुक्ताबाईशी लग्न झालं. फार समजूतदार बाई. दर पाडव्याला ती मला पुसून हळदकुंकू लावायची. त्यांना वैजनाथ झाला. वैजनाथ मोठा झाल्यावर त्यानं विजेवर चालणारं यंत्र आणलं, आणि मला मागे लोटलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पुढे मुक्ताबाई आजारपणात गेली. तेव्हापासून रखमाजी दुपारी मागे येऊन त्या मोडक्या खुर्चीवर बसू लागला. पुढे गिऱ्हाइकांचा गलका असे, आणि मागे आम्ही दोघं गप्प. वैजनाथ बापाला हाक मारी, "दादा, जेवला का?" तो म्हणे, "व्हय." दिवसभरात त्याच्याशी होणारं बोलणं बहुधा एवढंच.

यंदा उन्हं तापायला लागली तेव्हा शेडमध्ये एक म्हातारी बाई आली. पाय ओढत चालत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझं चाक धरलं आणि ओढलं. मी गंजानं जाम झालो होतो. जरासुद्धा हललो नाही.

"तवा हलायचं," ती स्वतःशीच म्हणाली.

दारात चिपाडांची पाटी घेऊन रखमाजी उभा होता. त्यानं पाटी हळूच खाली ठेवली.

"तवा तू बी तरणी हुतीस, भागिरथी."

तिनं वळून पाहिलं. मग ती पालथ्या पिंपावर बसली. तिची नात इथं नर्सिंग शिकत होती. शेवटची परीक्षा होईपर्यंत तिला रांधून घालायला भागिरथी आली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"तुमी माग काढाल वाटलं हुतं," ती म्हणाली.

"आल्तो की! त्याच वैशाखात. तुमच्या दारात मांडव हुता."

"माझ्या लग्नात आल्ता?"

"पंगतीला बसलो. बुंदी वाढली, ती खाल्ली, आन् माघारी आलो."

"मला कसं दिसला न्हाईस रं?"

"तू मान खाली घालून बसल्तीस."

भागिरथीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. वैशाखातली ती गोष्ट रखमाजीनं मलाही कधी सांगितली नव्हती.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. पण गावाला डोळे असतात. एके दिवशी वैजनाथ मागे आला आणि मान वळवून म्हणाला, "दादा, लोक बोलत्यात. भिंतीवर आईचा फोटो हाय, आन् तुमी हितं हसत बसता."

"तुझी आई गेल्यापासून मला हसताना कवा बघितलं, तेवढं सांग," रखमाजी म्हणाला.

वैजनाथ पुढे निघून गेला, आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणंच थांबलं.

नातीची परीक्षा संपली. जायच्या आदल्या दिवशी भागिरथी म्हणाली, "लेक-सून सहा महिने उसाला जात्यात. घरात मी आन् एक शेळी. मला आता कुनाचा संसार करायचा न्हाई. बोलायला मानूस पायजे. येतोस?"

रखमाजी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाला. जाताना त्यानं माझ्या चाकावर हात ठेवला. वैजनाथ गल्ल्यावर बसून राहिला. उठला नाही.

आता शेडमध्ये मी एकटाच आहे. मोडक्या खुर्चीवर धूळ बसते. पण परवा दुपारी वैजनाथ मागे आला, मोबाईलचा स्पीकर लावून. "दादा, जेवला का?" त्यानं विचारलं. मग थांबला. "आन् दादा, त्यांना... त्यांना मी काय म्हनून हाक मारू?"

फोनमधून भागिरथीचाच आवाज आला. "मावशी म्हन, लेकरा. आई तुझी एकच हुती."

वैजनाथ बापाच्या खुर्चीवर बसला आणि पोटभर रडला. आई गेली तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता.

मित्रांनो, जुन्या यंत्राला अधूनमधून तेल घाला, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस एकटंच मागे जाऊन बसत असेल, तर तुम्हीही जरा तिथं जाऊन बसा. जेवलात का, हे विचाराच. मग त्यांना कुणाची आठवण येते, तेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.